ठाण्यातील टेबलाच्या दोन बाजू
(फौजदारी कायदा व कार्यपद्धती यांची प्राथमिक ओळख)

बँकेत पैसे भरायला आलेला माणूस शिक्का मारलेली पावती हातात पडल्याशिवाय काउंटर सोडत नाही. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारून मागतो. अंगठा उमटवणाऱ्या आजीबाईसुद्धा "बाळा, यावर आजची तारीख हाय ना?" असे विचारून घेतात. वीस वर्षांच्या नोकरीत मी हे रोज पाहतो. पण हीच माणसे पोलीस ठाण्याची पायरी चढली की गप्प होतात. तिथे पावती मागायची असते, तारीख पाहायची असते, लिहिलेले वाचून मग सही करायची असते, हे सर्व विसरले जाते. विसरले जाते म्हणण्यापेक्षा ते कोणी शिकवलेलेच नसते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतील बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाला मोबाईल चोरीच्या चौकशीसाठी संध्याकाळी ठाण्यात नेले. रात्री नऊपर्यंत तो परतला नाही, तेव्हा आम्ही चाळीसेक माणसे ठाण्याच्या फाटकाशी जमलो. त्यात शिक्षक होते, कारकून होते, दोन पदव्युत्तर पदवीधर होते. सर्वजण विनवण्या करीत होते, काही जण आवाज चढवीत होते. पण "या मुलाला साक्षीदार म्हणून बोलावले आहे की आरोपी म्हणून? अटक केली असेल तर अटकेची वेळ काय नोंदली आहे?" हे साधे दोन प्रश्न चाळिसांपैकी एकालाही सुचले नाहीत. मलाही नाही. पहाटे पाच वाजता त्याला सोडले. कोठेही नोंद नव्हती. अकरा वाजता त्याचा पेपर होता. तो पेपरला बसू शकला नाही व त्याचे वर्ष गेले.

त्या रात्रीनंतर मी कायद्याची पुस्तके उघडली. मी वकील नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे या लेखाला कोणी वकिली सल्ला समजू नये. आपल्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची व उपनिरीक्षक पदाच्या परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली बसतात. उद्या त्यांतील काही जण ठाण्यातील टेबलाच्या आतल्या बाजूला बसतील. बाकीचे आपण केव्हा ना केव्हा बाहेरच्या बाजूला उभे राहू. कायद्याचे कलम मात्र दोन्ही बाजूंना एकच असते. बाहेरच्या माणसाचा जो हक्क, तेच आतल्या माणसाचे कर्तव्य. हे सूत्र मनात ठेवून पुढील पाठ वाचावा.

१. संविधान आणि तीन कायदे

फौजदारी कायद्याचा पाया संविधानात आहे. अनुच्छेद २० सांगतो की, कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता त्यासाठी शिक्षा देता येत नाही, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवून शिक्षा करता येत नाही व आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद २१ सांगतो की, कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येत नाही. अनुच्छेद २२ अटकेची कारणे कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क देतो. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली ताब्यात घेतलेल्यांसाठी याच अनुच्छेदात वेगळी व्यवस्था आहे.

अनुच्छेद २२ चा इतिहास विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. आजच्या अनुच्छेद २१ मधून 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' ही शब्दयोजना वगळली गेल्यावर संविधान सभेत व सभेबाहेर नाराजी होती. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला. त्या वगळण्याची काही अंशी भरपाई व्हावी, हा हेतू त्यांनी सभेत स्पष्ट केला होता. तोच पुढे अनुच्छेद २२ झाला. चोवीस तासांची मर्यादा फौजदारी संहितेत आधीही होती. पण संहिता साध्या बहुमताने बदलता येते. संविधानात गेल्यामुळे ती मर्यादा मूलभूत हक्क बनली.

या पायावर तीन कायदे उभे आहेत. १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा हे जुने त्रिकूट होते. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष अधिनियम आले. कोणते कृत्य गुन्हा आहे व त्यास शिक्षा काय, हे न्याय संहिता सांगते. तिच्यात ३५८ कलमे आहेत. तपास, अटक, जामीन, खटला कसा चालवायचा, हे नागरिक सुरक्षा संहिता सांगते. तिच्यात ५३१ कलमे आहेत. काय पुरावा म्हणून चालते, हे साक्ष अधिनियम सांगतो. त्यात १७० कलमे आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुन्या दंड संहितेचीच कलमे लागतात. म्हणून काही वर्षे तरी दोन्ही क्रमांक माहीत असणे आवश्यक आहे. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ झाले, चोरीचे ३७९ आता ३०३ मध्ये आले.

यापुढे या लेखात केवळ 'कलम' असा उल्लेख असेल तेथे तो नागरिक सुरक्षा संहितेचा समजावा.

२. गुन्ह्यांचे प्रकार

पोलिसांनी काय करायचे हे गुन्हा कोणत्या वर्गात मोडतो यावर अवलंबून असते. संहितेच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक गुन्ह्यापुढे त्याचा वर्ग दिलेला आहे.

दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात व न्यायालयाच्या परवानगीवाचून तपास सुरू करतात. खून, बलात्कार, दरोडा, घरफोडी, गंभीर दुखापत ही उदाहरणे. अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासही करता येत नाही व वॉरंटाशिवाय अटकही करता येत नाही. साधी मारहाण, शिवीगाळ करून केलेला अपमान ही उदाहरणे. यालाच आपण बोलण्यात 'एन.सी.' म्हणतो. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या साध्या चोरीला नव्या अनुसूचीने अदखलपात्र वर्गात टाकले आहे, हा बदल परीक्षार्थींनी टिपून ठेवावा.

दुसरी विभागणी जामीनपात्र व अजामीनपात्र अशी. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन कधीच मिळत नाही असा नव्हे. तो देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर असते, एवढाच त्याचा अर्थ.

या दोन विभागण्या एकमेकींत मिसळू नयेत. गंभीर दुखापत दखलपात्र आहे, तरीही सर्वसाधारण प्रकारात ती जामीनपात्र आहे.

३. फिर्याद, म्हणजेच प्रथम खबर

दखलपात्र गुन्ह्याची ठाण्यात दिलेली पहिली माहिती म्हणजे प्रथम खबर किंवा एफ.आय.आर. जुन्या संहितेचे कलम १५४, आताचे १७३. ही माहिती तोंडी दिली तर ठाणे अंमलदाराने ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि मग देणाऱ्याची सही घ्यायची. तिची प्रत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला विनामूल्य द्यायची. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते.

'हद्द आमची नाही' हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते.

दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये ठरवले. नव्या संहितेने एक मुभा दिली आहे. तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, प्रथमदर्शनी प्रकरण आहे किंवा कसे हे पाहण्यापुरती प्राथमिक चौकशी चौदा दिवसांत करता येते.

येथे आपल्या लोकांची नेहमीची फसगत सांगतो. ठाण्यात 'अर्ज' दिला जातो, त्यावर आवक शिक्का बसतो आणि माणूस समाधानाने घरी येतो. बँकेत खाते उघडण्याचा अर्ज आवक झाला म्हणजे खाते उघडले असे होत नाही. पासबुकावर खाते क्रमांक पडला पाहिजे. त्याचप्रमाणे गुन्हा रजिस्टर क्रमांक, तारीख, वेळ व कलमे असलेली प्रत हाती आली तरच गुन्हा दाखल झाला असे समजावे. एन.सी. ची पावती ही गुन्ह्याची प्रत नव्हे, हेही पाहावे.

फिर्याद सांगताना काय घडले, कोठे घडले, केव्हा घडले, कोणी केले, कसे केले, कोणी पाहिले आणि काय गेले वा किती लागले, या क्रमाने सांगावे. आरोपीचे नाव माहीत नसले तरी फिर्याद होते. उशीर झाला असेल तर उशिराचे खरे कारण लिहवून घ्यावे. ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून सांगू नये. राग आला म्हणून घरात नसलेल्या माणसाचेही नाव गोवू नये. एक खोटे नाव चार खऱ्या नावांना सोडवते.

ठाण्याने नोंद नाकारली तर? कलम १७३(४) प्रमाणे फिर्यादीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावा. शहरात आयुक्तालयातील वरिष्ठांना पाठवावा. तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे शपथपत्रासह अर्ज करावा. कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश देण्याचा त्यांना अधिकार आहे. टपालाची पावती जपून ठेवावी.

४. तपास : पंचनामा व जबाब

तपासात घटनास्थळाचा पंचनामा होतो, साक्षीदारांचे जबाब घेतले जातात, मुद्देमाल जप्त होतो. झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करणे कलम १०५ ने बंधनकारक केले आहे. घराच्या झडतीच्या वेळी परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र प्रतिष्ठित व्यक्ती पंच म्हणून लागतात. सबळ कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणे हाही अपराध आहे.

पंचाने काय पाहावे याबद्दल माझीच चूक सांगतो. एका ग्राहकाच्या भरण्यात पाचाहून अधिक बनावट नोटा निघाल्या. एका व्यवहारात पाच किंवा अधिक बनावट नोटा आढळल्या तर बँकेने गुन्हा दाखल करावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याप्रमाणे गुन्हा दाखल झाला, जप्तीचा पंचनामा झाला व त्यावर मी सही केली. गर्दीची वेळ होती, म्हणून नोटांचे क्रमांक यादीशी ताडून पाहिले नाहीत. खटल्यात साक्षीला उभा राहिलो तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी एक नोट व एक ओळ माझ्यापुढे ठेवली. क्रमांकात एक आकडा चुकलेला होता. "साहेब, आपण वाचून सही केली की न वाचता?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आरोपी सुटला. निकालपत्रात इतरही कारणे होती, पण त्या आकड्याचा उल्लेख होता. दिवसभर दुसऱ्याच्या चेकवरील आकडे तपासणाऱ्या माणसाने स्वतःची सही अशी वापरली, याची खंत मला अजून आहे. सबब, कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर कोणीही सही करू नये.

साक्षीदाराने पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर त्याची सही घेता येत नाही (कलम १८१). फिर्यादीवर सही असते, जबाबावर नसते, हा फरक परीक्षेत हमखास विचारला जातो. साक्षीदाराला लेखी आदेशानेच बोलवावे लागते. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग व गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब ते राहतात तेथे जाऊन घ्यावा लागतो (कलम १७९).

पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही (साक्ष अधिनियम, कलम २३). ताब्यातील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. हा नियम पोलिसांवर अविश्वास म्हणून केलेला आहे अशी समजूत भावी उपनिरीक्षकांनी करून घेऊ नये. मारून मिळवलेली कबुली न्यायालयात कवडीमोल ठरते, म्हणून खरा तपास करा, असे तो सांगतो. आणि खरा तपास झाला नाही तर खरा गुन्हेगार मोकळाच राहतो.

५. बोलावणे आणि अटक

अटक करण्याचा अधिकार असणे वेगळे आणि अटकेची गरज असणे वेगळे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात केवळ गुन्हा दाखल झाला म्हणून आपोआप अटक करता येत नाही. पळून जाणे, पुरावा नष्ट करणे, साक्षीदारांना धमकावणे अशी कारणे अधिकाऱ्याने लेखी नोंदवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने अर्णेश कुमार प्रकरणात जुलै २०१४ मध्ये यावर भर दिला. अटकेची गरज नसेल तेथे कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहण्यास सांगायचे असते. नोटीस मिळालेला माणूस हजर राहत असेल तर विशेष कारणे नोंदल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. म्हणून नोटीस आली की घाबरून गावी पळू नये. वेळेवर हजर राहावे.

अटक करायचीच झाली तर काय करायचे? १९८६ साली पश्चिम बंगालमधील विधी सहाय्य संस्थेच्या अध्यक्षांनी कोठडीतील मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्याच पत्राची याचिका झाली. डी. के. बसू प्रकरण म्हणून ती ओळखली जाते. डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अकरा सूचना दिल्या. त्यांतील बहुतेक पुढे कायद्यात आल्या. त्या थोडक्यात अशा :

(अ) अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसणारी पट्टी हवी.
(आ) अटकेच्या वेळीच अटक पंचनामा करावा. त्यावर घरच्या किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून आणि अटक झालेल्याची सही हवी (कलम ३६).
(इ) अटकेची कारणे व जामिनाचा हक्क सांगावा (कलम ४७).
(ई) नातेवाईक वा मित्रास अटकेची व ठिकाणाची माहिती द्यावी (कलम ४८).
(उ) चौकशीदरम्यान वकिलास भेटू द्यावे, अर्थात संपूर्ण चौकशीभर नव्हे (कलम ३८).
(ऊ) अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी करावी (कलम ५३).

सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊनच ती करावी (कलम ४३). अठरा वर्षांखालील मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावीत.

६. चोवीस तास, कोठडी व जामीन

अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. म्हणूनच 'अटकेची वेळ' हा सर्वात महत्त्वाचा आकडा आहे. संध्याकाळी आणलेल्या माणसाची अटक दुसऱ्या दिवशी दुपारी दाखवली तर चोवीस तास तेथून मोजले जातात. घरच्यांनी नेल्याची खरी वेळ लिहून ठेवावी आणि ती वकिलामार्फत न्यायालयास सांगावी. प्रत्येक ठाण्यात सी.सी.टी.व्ही. बसवून चित्रण जपून ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिलेला आहे. ते चित्रण मागता येते. न्यायदंडाधिकारी "काही तक्रार आहे का?" असे विचारतात तेव्हा मारहाण झाली असल्यास तेथेच सांगावे.

पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा अधिक देता येत नाही. जुन्या पद्धतीत ती पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यावी लागे. नव्या कलम १८७ ने ती गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येते. बाकीचा काळ न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो. त्यासाठी अर्ज मात्र करावा लागतो. कॅलेंडरवर तारखा न मोजल्यामुळे गरिबांची मुले विनाकारण तुरुंगात राहतात.

७. दोषारोपपत्र, समरी व खटला

तपास संपला की पोलीस न्यायालयात अहवाल देतात. पुरावा असेल तर ते दोषारोपपत्र. नसेल तर महाराष्ट्रात त्याला 'समरी' म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही ती 'अ' समरी, फिर्याद खोडसाळ व खोटी ती 'ब' समरी, गैरसमजुतीने झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची ती 'क' समरी. समरीची नोटीस फिर्यादीला येते. ती आली की 'प्रकरण संपले' असे समजू नये. ती मंजूर होण्यापूर्वी फिर्यादीला म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीस वा पीडितास कळवणे हेही आता पोलिसांचे कर्तव्य आहे (कलम १९३).

खटल्यात आरोप निश्चित होतो, साक्षीदारांचा सरतपास व उलटतपास होतो, आरोपीचे म्हणणे नोंदले जाते, युक्तिवाद होतात आणि निकाल लागतो. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. प्रथम खबर हा स्वतः गुन्ह्याचा पुरावा नव्हे. ती देणाऱ्याने न्यायालयात उभे राहून साक्ष द्यावी लागते. आपल्याकडे गुन्हा दाखल होईपर्यंत मोर्चे निघतात आणि चार वर्षांनी साक्षीच्या तारखेला फिर्यादी एकटाच बाकावर बसलेला असतो. शिक्षा मोर्चात होत नाही, साक्षीत होते.

८. अत्याचार प्रतिबंधक कायदा

१९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. जातीचा दाखला सुस्थितीत ठेवावा, कारण तपासात तो लागतो.

या कायद्याखालील तपास उपअधीक्षकाहून कमी दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. नियमांप्रमाणे साठ दिवसांत तपास पूर्ण करून दोषारोपपत्र दाखल व्हावे लागते. अटकपूर्व जामिनाला कलम १८ ने मनाई आहे, मात्र प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर न्यायालय तो देऊ शकते. गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी किंवा अटकेसाठी मंजुरी लागणार नाही, हे २०१८ मध्ये घातलेले कलम १८-अ सांगते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ते वैध ठरवले. कलम १५-अ प्रमाणे पीडिताला जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा व तेथे म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला लोकसेवक जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करील तर कलम ४ खाली त्याला सहा महिने ते एक वर्ष कैदेची शिक्षा होऊ शकते.

जातिवाचक अपमानाच्या कलमासाठी तो प्रकार लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडलेला असावा लागतो. म्हणून फिर्यादीत ठिकाण, उच्चारलेले नेमके शब्द व हजर असलेल्यांची नावे आलीच पाहिजेत. 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढेच मोघम वाक्य पुढे न्यायालयात टिकत नाही.

९. वकील परवडत नाही, मग?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याला समिती आहे. १५१०० या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. हा क्रमांक आपल्या अभ्यासिकेच्या फळ्यावर कायमचा लिहावा, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे.

समारोप

ठाण्याच्या फाटकाशी चाळीस माणसांनी गलका करण्यापेक्षा दोघांनी आत जाऊन शांतपणे प्रश्न विचारणे अधिक उपयोगी पडते. गलक्यात धक्काबुक्की झाली तर लोकसेवकावर हल्ल्याचे कलम, जुने ३५३ व आताचे १३२, आपल्याच मुलांवर लागते. आत जाणाऱ्या दोघांनी हे विचारावे : कोणत्या गुन्ह्यात आणले? लेखी नोटीस दिली आहे काय? साक्षीदार की आरोपी? अटक केली असेल तर किती वाजता? कोणत्या न्यायालयात केव्हा हजर करणार? तपासी अधिकाऱ्याचे नाव काय? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत व वेळ टाकावी.

ज्याचे वर्ष बुडाले तो मुलगा पुढच्या वर्षी पदवीधर झाला. आज तो आपल्याच अभ्यासिकेत उपनिरीक्षक पदाच्या परीक्षेची तयारी करतो. मागच्या महिन्यात कलम १७९ वाचता वाचता त्याने मला विचारले, "काका, त्या रात्री त्या साहेबांना हे माहीत नव्हते, की माहीत असूनही त्यांनी केले नाही?" मला उत्तर देता आले नाही. पण उद्या त्याच्यापुढे असाच कोणी मुलगा बाकावर बसलेला असेल, तेव्हा टेबलाच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याला हे माहीत असेल, एवढे तरी आपण पाहू शकतो.

उजळणी (विद्यार्थ्यांसाठी)

१. गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यात घडला. आपल्या ठाण्यात फिर्याद देता येईल काय? कोणत्या कलमाने?
२. फिर्याद आणि साक्षीदाराचा जबाब यांत सहीच्या बाबतीत काय फरक आहे?
३. रात्री नऊ वाजता ताब्यात घेतलेल्या व्यक्तीची अटक दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता दाखवली. घरच्यांनी काय करावे?
४. ३० जून २०२४ रोजी घडलेल्या चोरीची फिर्याद ५ जुलै २०२४ रोजी दिली. दंड संहितेचे कलम लागेल की न्याय संहितेचे? कारण सांगा.
५. 'ब' समरीची नोटीस आली. फिर्यादीने काय करावे?

उत्तरे वरील लेखातच आहेत. ती शोधून वहीत लिहावीत आणि घरातील एका तरी वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवावीत.